मर्यादवेल : समुद्राची वेस राखणारी वेल

पावसाळा सरला की नागपूरच्या आसपास नाल्यांच्या काठी, तलावांच्या उथळ कडांना आणि शेतांच्या धुऱ्यावर फिकट गुलाबी-जांभळ्या, कर्ण्याच्या आकाराच्या फुलांची गर्दी दिसू लागते. हे झुडूप विदर्भात लहानथोरांच्या परिचयाचे आहे. त्याचे नाव बेशरम. तोडले, उपटून फेकले, तरी पहिल्या पाण्यासरशी ते पुन्हा उभे राहते, म्हणून लोकांनी त्याला हे नाव बहाल केले. याच बेशरमाची एक जवळची नातलग येथून शेकडो किलोमीटर दूर, कोकणच्या पुळणीवर राहते. फुलाचा आकार तोच, रंगही जवळपास तोच. मात्र लोकांनी तिला दिलेले नाव अगदी विरुद्ध टोकाचे आहे. ती मर्यादवेल.

अशी नावे उगाच पडत नाहीत. मर्यादा म्हणजे सीमा, हद्द, शीव. समुद्राकडून जमिनीकडे चालत निघाले तर आधी लाटांनी भिजलेली, घट्ट आणि पूर्णपणे उघडी वाळू लागते. तेथे काहीही उगवत नाही. मोठ्या भरतीचे पाणी जेथवर पोहोचते ती रेषा ओलांडली, की वाळूवर पहिली हिरवी पाने दिसतात आणि ती बहुधा याच वेलीची असतात. वेल जेथून सुरू होते, तेथे समुद्राची नित्याची सत्ता संपते. परंतु ही वेल समुद्राची हद्द केवळ दाखवीत नाही, ती हद्द उभारण्याचे आणि राखण्याचे कामही करते. ते काम कसे चालते आणि ते आज धोक्यात का आले आहे, हे समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीही समजून घेण्यासारखे आहे.

शेळीच्या खुराचे पान

मर्यादवेलीचे शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-कॅप्रे. लॅटिन भाषेत पेस-कॅप्रे म्हणजे शेळीचे पाऊल. तिचे पान टोकाशी मधोमध दुभंगलेले असते. मराठी माणसाला ते पाहून दसऱ्याच्या आपट्याची आठवण होते, तर युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यात शेळीच्या खुराचा ठसा दिसला. कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या वेलीचे वर्णन केले आणि १८१८ मध्ये रॉबर्ट ब्राउन याने तिला आयपोमिया या प्रजातीत आणले. समुद्रवेल या नावानेही ती ओळखली जाते.

ही बहुवर्षायू वेल मांडवावर चढत नाही, ती जमिनीवरच पसरते. तिचे जांभळट, जाड खोड वाळूवरून सरळ रेषेत कितीतरी मीटर धावत जाते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर तिला ‘रेलरोड व्हाइन’, म्हणजे रेल्वेच्या रुळासारखी धावणारी वेल, असे म्हणतात ते यामुळेच. फुले सकाळी उमलतात आणि उन्हे चढली की मिटू लागतात. एका फुलाचे आयुष्य एका दिवसाचे, परंतु रोज नवी फुले येत राहतात. मधमाश्या आणि भुंगे त्यांना भेट देतात. फळ लहान व गोलसर असते आणि त्यात तपकिरी मखमली लव असलेल्या चार बिया असतात.

तिचा गोतावळा मात्र आपल्या घरापर्यंत पोहोचलेला आहे. एकादशी आणि महाशिवरात्रीच्या उपवासाला लागणारे रताळे याच आयपोमिया प्रजातीतले. पाणथळ जागी वाढणारी नाळीची भाजी, कुंपणावर लाल चांदण्यांसारखी फुलणारी गणेशवेल ही तिचीच भावंडे. अर्थात, नाते रताळ्याशी असले म्हणून मर्यादवेल खाण्याजोगी नव्हे.

वाळूत जगण्याची विद्या

किनाऱ्यावरची कोरडी वाळू ही वनस्पतींसाठी अत्यंत खडतर जागा आहे. मे महिन्याच्या दुपारी तिच्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. पावसाचे पाणी पडते आणि क्षणात खाली झिरपून जाते. लाटांचे खारे तुषार पानांवर सतत येऊन बसतात. त्यात भर म्हणजे जमीनच स्थिर नसते. आज जेथे मूळ धरले, तेथे उद्या वाऱ्याने खड्डा पडतो किंवा वीतभर वाळूचा थर येऊन बसतो.

या चारही संकटांवर मर्यादवेलीने उपाय शोधले आहेत. तिची पाने जाड, मांसल आणि तुकतुकीत असतात. त्यामुळे पाणी राखले जाते आणि मीठ सहज आत शिरत नाही. ती जमिनीलगत राहत असल्याने वाऱ्याला तिचा फारसा अडसर होत नाही आणि वाराही तिला मोडत नाही. तिचे मुख्य मूळ ओलाव्याच्या शोधात खोल जाते, तर खोडाच्या पेरापेरांतून नवी मुळे फुटून वाळूत उतरतात. त्यामुळे एखादा भाग उघडा पडून वाळला तरी पुढचा भाग स्वतःच्या मुळांवर जगतो. वादळात वेल तुटली तरी तिचे तुकडे नव्या जागी रुजू शकतात. पानाच्या देठाशी असलेल्या बारीक ग्रंथींतून गोड रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि पाने कुरतडणाऱ्या किडींना पळवून लावतात.

तथापि तिची सर्वांत मोठी कला वेगळीच आहे. वाळूखाली गाडले जाणे हा बहुतेक झाडांचा अंत असतो. मर्यादवेल मात्र वाळूच्या थरातून पुन्हा वर येते आणि नव्या थरात नवी मुळे सोडते. समुद्राची वेस उभी राहते ती या एका सवयीमुळे.

टेकडी कशी उभी राहते

वाऱ्याबरोबर वाळूचे कण फार उंच उडत नाहीत. ते जमिनीलगत टुणटुण उड्या मारीत पुढे सरकतात. वाटेत पानांचे आणि खोडांचे जाळे आले की तेथे वाऱ्याचा वेग कमी होतो आणि कण खाली बसतात. थर साचतो, वेल त्यातून वर येते, पुन्हा थर साचतो. असे वर्षानुवर्षे चालले की लहानशा उंचवट्याची टेकडी होते. भूगोलाच्या पुस्तकात तिला वालुकागिरी म्हणतात. वाळवंटातील वालुकागिरी वाऱ्याच्या लहरीप्रमाणे सरकत राहतात, तर किनाऱ्यावरच्या टेकड्यांना वनस्पतींनी बांधून ठेवलेले असते.

मर्यादवेल या कामात एकटी नसते. रावणाच्या मिशा या नावाने ओळखले जाणारे काटेरी गवत आणि वाळूत वाढणारे लव्हाळे तिच्या जोडीला असतात. त्यांनी वाळू थोपवली, पाने कुजून थोडी माती तयार झाली आणि खाऱ्या वाऱ्याला आडोसा मिळाला, की मागच्या बाजूला केवडा, निर्गुडी आणि पुढे उंडीसारखे वृक्ष येतात. त्याही मागे कोकणी माणसाच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरे. म्हणजे आगराच्या विहिरीपासून ते घराच्या ओट्यापर्यंत सारे काही पुढच्या पहिल्या ओळीच्या भरवशावर उभे असते.

या टेकडीचे खरे महत्त्व पावसाळ्यात कळते. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात. ही वाळू नाहीशी होत नाही. तिचा बराचसा भाग किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली दांड्यासारखा साचतो आणि त्यावर आदळून पुढच्या लाटा किनाऱ्याला येण्यापूर्वीच फुटतात. पावसाळा संपल्यावर शांत झालेल्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात आणि वारा ती वेलीपर्यंत पोहोचवतो. दुष्काळासाठी कणगीत धान्य राखून ठेवावे, तशी टेकडी ही किनाऱ्याने वादळासाठी राखून ठेवलेली वाळू असते. कणगीच नसेल, तर मोठ्या वादळात समुद्राला देण्यासाठी किनाऱ्याकडे फक्त जमीन उरते.

टेकडीऐवजी दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधली तर हेच काम होणार नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. भिंत तिच्या मागची जागा काही काळ वाचवते. परंतु लाट भिंतीवर आपटून जोराने मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. भिंत राहते, पुळण जाते. टेकडीचे तसे नाही. ती लाटेसमोर थोडी झिजते, लाटेचा जोर जिरवते आणि वेल शाबूत असेल तर पुन्हा भरून येते.

दर्यापारचा प्रवास

मर्यादवेल अस्सल देशी आहे. तरीही ती केवळ भारताची नाही. हिंदी महासागर, पॅसिफिक आणि अटलांटिक अशा तिन्ही महासागरांच्या उष्ण किनाऱ्यांवर, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि ब्राझीलपासून फ्लोरिडापर्यंत ती आढळते. तिला तेथे कोणी नेऊन लावलेले नाही. तिच्या हलक्या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगतात आणि महिनोन्‌महिने जिवंत राहतात. सागरी प्रवाहांनी त्या दूरच्या वाळूवर आणून टाकल्या की रुजतात. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकातोआ ज्वालामुखीच्या स्फोटाने तेथील बेटाचे जीवन पुसून टाकले. पुढील काही वर्षांत त्या बेटाच्या उघड्या किनाऱ्यावर ज्या वनस्पती सर्वप्रथम पोहोचल्या, त्यांत मर्यादवेल होती.

आपल्याकडील जुन्या वाङ्मयातही तिच्या खुणा आहेत. प्राचीन तमिळ संघम् काव्यात समुद्रकाठच्या प्रदेशाचे वर्णन येते, तेथे ‘अडुंबु’ या नावाने ही वेल भेटते. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या अकराव्या खंडात या वेलीचे चित्र आहे. या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचा वाटा होता आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे, ही बाब मराठी वाचकांना विशेष वाटावी. थायलंडमध्ये जेलीफिशच्या दंशावर या वेलीच्या पानांचा पारंपरिक उपयोग होत आला असून तेथील संशोधकांनी त्याचा अभ्यासही केला आहे.

हद्द पुसणारे हात

वादळे, खारे पाणी आणि ज्वालामुखीनंतरची ओसाडी सोसणारी ही वेल माणसाच्या पावलांपुढे मात्र टिकत नाही. पुळणीवर गाडी फिरविण्याची हौस हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. चाकाखाली वेलीचे वाढते शेंडे आणि पेरांवरची मुळे चिरडली जातात. तेथे उघडी पट्टी तयार होते. त्या पट्टीतून वारा जोराने घुसतो, वाळू उडवून नेतो आणि दोन्ही बाजूंची टेकडी खचत जाते. एका गाडीने पाडलेली वाट दुसरी गाडी रुंद करते. भरतीच्या वेळी नेमके याच खिंडारातून पाणी आत शिरते.

याहून मोठे नुकसान सौंदर्यीकरणाच्या नावाखाली होते. खोलीच्या खिडकीतून थेट समुद्र दिसावा म्हणून, वाहनतळासाठी किंवा फरसबंद रस्त्यासाठी टेकड्या सपाट केल्या जातात. किनाऱ्याची सफाई करताना कचऱ्याबरोबर वेलही ‘झाडोरा’ समजून उपटली जाते. अनेक ठिकाणी टेकड्यांवर सुरूची लागवड करण्यात आली. सुरू हे मूळचे आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडील झाड. ते वाऱ्याला अडवते हे खरे, परंतु त्याच्या दाट सावलीत आणि गळून साचलेल्या सुयांच्या थराखाली मर्यादवेलीसारख्या ऊन मागणाऱ्या वनस्पती जगत नाहीत. मग लाटा टेकडीच्या पायथ्याशी आल्या की वाळू धरून ठेवायला खाली काही नसते आणि उभी झाडे मुळांसकट कोसळतात.

कायदा याबाबत गप्प नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने सौंदर्यीकरण वा मनोरंजनासाठी वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई केली होती. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी या टेकड्यांचा समावेश सर्वाधिक संवेदनशील अशा पहिल्या वर्गात केला. तरीही कागदावरची टेकडी आणि किनाऱ्यावरची टेकडी यांत अंतर पडत राहते. त्याचे एक कारण असे की खारफुटीचे जंगल जंगल म्हणून ओळखू येते. वाळूचा उंचवटा आणि त्यावरची वेल मात्र पाहणाऱ्याला मोकळी, रिकामी जागा वाटते.

या दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला. त्यानुसार देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची धूप होत असून महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. वाऱ्याचा असा तडाखा कोणतीही वेल रोखू शकत नाही. परंतु वादळाबरोबर चढून येणाऱ्या पाण्याला टेकडी अडवू शकते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर झालेल्या पाहणीत, जेथे वनस्पतींनी आच्छादलेल्या टेकड्या शाबूत होत्या तेथे मागच्या वस्तीची हानी तुलनेने कमी झाल्याचे दिसून आले होते.

रेतीचा उगम आणि नागपूर

या साऱ्याशी नागपूरचा संबंध काय? पहिला संबंध रेतीचा. किनाऱ्यावरची वाळू समुद्राने निर्माण केलेली नसते. तिचा मोठा भाग नद्यांनी डोंगरांतून आणि पठारांवरून वाहून आणलेला असतो. कोकणच्या पुळणी सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड नद्यांवर पोसल्या जातात. विदर्भाची रेती पूर्वेकडे जाते. नाग नदीचे पाणी कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला मिळते. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तेथील किनाऱ्यावरही हीच मर्यादवेल पसरलेली आहे. तिने धरून ठेवलेल्या वाळूत विदर्भातून वाहत गेलेले कणही असणार.

हा पुरवठा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. धरणांच्या भिंतींमागे गाळ अडतो, पात्रांतून रेती उपसली जाते. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात काही भागांत किनारा मागे हटत असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले असून नदीतून येणारा गाळ घटणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. कन्हानची रेती उपसल्याने पात्र कसे खोलावते आणि काठच्या विहिरींचे पाणी कसे उतरते, हे नागपूर जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. त्याच उपशाचे दुसरे टोक शेकडो किलोमीटर दूरच्या किनाऱ्यावर असते, एवढेच लक्षात घ्यायचे. वेल वाळू अडवू शकते, वाळू तयार करू शकत नाही.

दुसरा संबंध प्रवासाचा. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. स्वतःच्या गाडीने कोकण गाठणे विदर्भातील कुटुंबांना पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. गाडी किनाऱ्यापर्यंत पोहोचते, म्हणून ती पुळणीवरही नेली जाण्याचा मोह वाढतो.

उपाय साधे आहेत

मर्यादवेलीचे संरक्षण खर्चिक नाही. बांबू किंवा जाळीचे साधे कुंपण घालून टेकडीचा काही भाग पावलांपासून दोन-तीन पावसाळे मोकळा ठेवला, तर बऱ्याच ठिकाणी वेल आपणहून परत पसरते. जेथे ती पूर्ण नाहीशी झाली आहे, तेथे पावसाच्या सुरुवातीस पेरे असलेल्या खोडाचे तुकडे वाळूत पुरून तिची लागवड करता येते. समुद्राकडे जाण्यासाठी टेकडीवरून उचललेली एकच लाकडी पायवाट केली, तर दहा वाटा पडत नाहीत. गोव्यात राज्य जैवविविधता मंडळाने वाळूच्या टेकड्यांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले आहे. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती, निवासगृहांचे मालक आणि वन विभाग यांनी ठरवले तर कोकणातही हे अशक्य नाही. कोट्यवधी रुपयांची भिंत उभारण्यापूर्वी हा उपाय करून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

शेवटी पुन्हा बेशरमाकडे वळू. हे झुडूप मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. कुंपणासाठी आणि शोभेसाठी ते भारतात आणले गेले आणि पाहता पाहता नाले-तलावांच्या काठांवर त्याने कब्जा केला. त्याचा पाला शेळ्यांना आणि गुरांना विषारी ठरतो. गंमत अशी की त्याच्या अंगचे गुण मर्यादवेलीसारखेच आहेत. तुटलेला तुकडा रुजतो, खोडाला मुळे फुटतात, कितीही हाल झाले तरी जीव तग धरतो. आपल्या जागी राहिलेल्या वेलीचे हे गुण किनारा तारतात. परक्या जागी आणून सोडलेल्या झुडपाचे तेच गुण तलावाच्या मुळावर येतात. दोष ना या वनस्पतीचा, ना त्या. कोणती वनस्पती कोठे असावी याचे तारतम्य माणसाने ठेवायचे असते.

कोकणात गेलेल्या नागपूरकराने त्यासाठी फार काही करण्याची गरज नाही. जेथे वाळूवर शेळीच्या खुरासारखी पाने दिसू लागतील, तेथे गाडी थांबवावी आणि पुढची वाट, आधीच पडलेल्या एका पायवाटेने, चालत जावी.